आकडा परत घेणाऱ्या राऊत मॅडम

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी. मालेगाव रस्त्यावरची वीटभट्टी, हंगामाची पूजा.

हजर: भट्टीचे मालक दिलीपभाऊ राऊत. त्यांच्या घरून सुनंदावहिनी. मुकादम. यंदाच्या हंगामाला आलेली मजूर कुटुंबं, पोरांसकट. पोरं मोजता आली नाहीत, एका जागी थांबत नव्हती. आमच्या कॉलेजची संशोधक विद्यार्थिनी प्रांजली. मी.

गैरहजर: राऊत मॅडम.

शेवटची ओळ सवयीने लिहिली गेली. कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की आधी हजर कोण आणि मग गैरहजर कोण, हे मी लिहून टाकतो. मॅडम ऑगस्टमध्ये वारल्या. तरी ती ओळ मी राहू दिली. दिलीपभाऊंनी नारळ फोडला आणि प्रसादाचा पहिला तुकडा द्यायला त्यांचा हात आपोआप डावीकडे गेला. दरवर्षी तिथे त्यांची मोठी बहीण उभी असायची. यंदा तिथे मी होतो.

मी तुकडा घेतला आणि मान खालीच ठेवली. वर पाहिलं असतं तर समोर झोपड्या दिसल्या असत्या. बोअरच्या शेजारी, भट्टीचा धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूला, यंदाही बांबू रोवणं चाललं होतं. या झोपड्या तिथून हलवायच्या, हे मॅडमनी हाती घेतलेलं शेवटचं काम होतं.

राऊत मॅडम आमच्या मंगरूळपीरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी त्याच विभागात, त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. विभागातली जी कामं कोणालाच नको असतात ती माझ्याकडे आहेत: सामानाचा साठा, वेळापत्रक, गावोगावचे विज्ञान कार्यक्रम. मला याद्या करायला आवडतात, म्हणून कोणी मला विचारलंही नाही. मॅडम माझ्या यादीकडे पाहून म्हणत, "काळेभाऊ, तुमची यादी पाह्यली का मले वाटते, मी सकाळपासून नुसती बसूनच हाव."

त्या बसून कधीच नसत. शिकवताना नाही, जेवतानाही नाही. डबा खिडकीत ठेवून उभ्याने खात. कुठल्याही नव्या जागी पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "वारा कुठून हाय?" मैदानात विचारलं तर समजू शकतो. त्या सभागृहात विचारत, लग्नाच्या मांडवात विचारत. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये, पंख्याखाली उभं राहून विचारलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, वरून." मॅडम मनापासून हसल्या आणि निघताना सवयीने पंखा बंद करून गेल्या. प्राचार्य त्या वेळी पंख्याखालीच बसलेले होते.

पंखा आणि दिवे बंद करणं हा त्यांचा दुसरा उद्योग. स्वतःच्या खोलीतले, दुसऱ्याच्या खोलीतले, बँकेतले. कोणी ओरडलं की "चुकलं, चुकलं" म्हणत पुन्हा चालू करत. 'चुकलं' हा शब्द त्यांच्याइतका सहज बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तासाची सुरुवातसुद्धा त्यानेच व्हायची. फळ्याकडे वळायच्या आधी त्या वर्गाला सांगत, "चुकलं त् सांगा बरं. मनात नका ठेवू." मुलं सांगत नसत. पहिल्या वर्षाची मुलं कशाला सांगतील? मग मॅडम मुद्दाम एखादं समीकरण चुकवत आणि वाट पाहत उभ्या राहत. पाच मिनिटं गेली तरी चालेल, वर्गाने चूक पकडेपर्यंत पुढची ओळ येत नसे.

वाऱ्याच्या प्रश्नाचं मूळ मला पुष्कळ उशिरा कळलं. मॅडम भट्टीवर वाढल्या. त्यांच्या वडिलांनी ही भट्टी सुरू केली तेव्हा घरही तिथेच, विटांच्या ढिगाशेजारी होतं. आमच्याकडच्या भट्ट्यांना उंच धुराडं नसतं. कच्च्या विटा रचायच्या, मधे कोळसा आणि भुसा भरायचा, बाहेरून लिंपून पेटवायचं. धूर मग वाट मिळेल तिथून निघतो, चारी बाजूंनी, कित्येक दिवस. तिथलं पोर चालायला शिकतं तेव्हाच वाऱ्याची बाजू ओळखायला शिकतं. अभ्यासाला बसायचं तर आधी वारा पाहायचा, मग पाटी उघडायची.

"माही सारी फी त्या धुरातून आली," त्या एकदा म्हणाल्या. आम्ही शेलूबाजारच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. "बाबाचा खोकला ऐकत ऐकत मी एमएस्सी झाली. आता दिलीपले काय तोंडानं सांगू, भट्टी बंद कर म्हणून? मी त्याच भाकरीवर शिकली." एवढं बोलून त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि विषय बदलला. पण त्यांच्या संशोधनाबद्दल जे कळायचं ते मला त्या फाट्यावरच कळलं.

कर्बवायू पकडून ठेवणारा पदार्थ त्यांना करायचा होता. जळण जिथे असतं तिथे हा वायू निघतोच. तो हवेत मिसळायच्या आधी धरता आला तर पुढचं पुष्कळ वाचेल. जगभर यावर काम चालू आहे, मोठमोठ्या प्रयोगशाळांत. आमच्याकडे एक जुनी विजेची भट्टी होती, एक बऱ्यापैकी तराजू होता आणि मॅडम होत्या. त्यांनी असा पदार्थ निवडला की ज्याला महागडं काही लागत नाही. युरिया झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात घालून खूप तापवला की अमोनिया उडून जातो आणि तळाशी फिकट पिवळी, हलकी पावडर उरते. कार्बन आणि नायट्रोजनचे अणू एकमेकांना धरून जाळी विणतात, आणि ती जाळी एकाच अणूच्या जाडीची असते. जाळीवर जाळी अशी चळत. शास्त्रज्ञ याला द्विमितीय पदार्थ म्हणतात. लांबी आहे, रुंदी आहे, जाडी म्हणावी अशी नाहीच.

वर्गाला त्या हे पुरणाच्या मांड्यांवरून समजावत. "घरी मांडे करतात ना? उलट्या मडक्यावर टाकतो थे. किती पातळ? हातातून पल्याडचं दिसते. आता असा मांडा धरा का याहून पातळ होऊच शकत नाही. मंग त्याले आत काय राह्यलं? काहीच नाही. सारं बाहेरच. जेवढं सामान, तेवढं अंगण. वायूले बसाले जागाच जागा." मग हसून म्हणत, "माह्यासारखंच हाय थे. आत काही ठेवता येत नाही."

भांडंभर युरियातून चिमूटभर पावडर निघायची. अमोनियाचा वास मात्र अख्ख्या विभागाला पुरून उरायचा. मॅडमच्या साड्यांना तो कायमचा बसला होता. एसटीत त्यांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. तिथे त्या पिशवी ठेवत.

याच युरियावरून एकदा गंमत झाली. पिकाला खत द्यायचे दिवस होते आणि बाजारात युरिया मिळत नव्हता. आमचे शिपाई बबनभाऊ यांनी चहाच्या टपरीवर सहज सांगितलं की कॉलेजात मॅडम रोज युरिया जाळतात. दुसऱ्या दिवशी चार शेतकरी विभागात हजर. त्यातले वयस्कर होते ते दारातूनच म्हणाले, "काहो मॅडम, आमी सकाळपासून रांगेत उभे हाव, अन् तुमी जाळून राह्यल्या?"

मॅडमनी त्यांना आत बोलावलं. प्रयोगशाळेच्या युरियाची अर्ध्या किलोची बाटली दाखवली. भांडं दाखवलं. तळाची पावडर दाखवली.

"एवढीशीच?" म्हातारबाबा म्हणाले.

"एवढीशीच."

"मंग बाकीचं कुठी गेलं?"

"उडून गेलं जी."

बाबांनी बाटलीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि सोबतच्यांना म्हणाले, "चाला बे. हिचं आपल्यापेक्षाही बेक्कार पिकून राह्यलं." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना स्टूल धरावं लागलं. पण ते लोक गेल्यावर त्यांनी विजेची भट्टी बंद केली आणि खताचा हंगाम सरेपर्यंत युरियाच्या बाटलीला हात लावला नाही. मी सांगून पाहिलं की या बाटलीचा आणि गावातल्या टंचाईचा काही संबंध नाही, हे खत नाहीच. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पण तो बाबा रांगेतून आला होता ना."

पुढच्या पावसाळ्यात त्यांना आकडा मिळाला. ठरावीक वजनाच्या पावडरीवरून कर्बवायू सोडायचा आणि तिचं वजन किती वाढतं ते पाहायचं, अशी साधी पद्धत होती. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकून वायू तयार करायचा, पाण्यातून धुऊन घ्यायचा, एका नळीत भरलेल्या, ओल शोषून घेणाऱ्या मिठाने वाळवायचा आणि पावडरीवर सोडायचा. वजन चांगलंच वाढलं. पुन्हा केलं, पुन्हा वाढलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. तो परत कुठे छापलेला मॅडमना आवडला नसता.

विभागात पेढे वाटले गेले. गावोगावच्या कार्यक्रमांची यादी माझ्याकडे होतीच. मी त्यात मॅडमचं व्याख्यान घातलं. मंगरूळपीरचं सभागृह, कारंज्याची एक शाळा, मालेगावचं वाचनालय आणि शेवटी, दिलीपभाऊंच्या आग्रहावरून, ही भट्टी. फलक मीच रंगवून घेतला: 'वायू गिळणारी पावडर'. मॅडम तो पाहून म्हणाल्या, "गिळणारी कायले लिवलं? धरणारी लिवा. गिळलं म्हणजे संपलं वाटते." रंग वाळला होता, म्हणून तसाच राहिला.

भट्टीवरचा कार्यक्रम मला चांगला आठवतो. मजूर बाया मातीचे हात तसेच ठेवून बसल्या होत्या. मॅडमनी मांड्यांचं उदाहरण दिलं, बाया हसल्या. दिलीपभाऊ सगळ्यांत मागे उभे होते आणि दर वाक्याला मुकादमाला कोपराने ढोसत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी बहिणीकडे हात पसरला. "ताई, थोडीशी दे ना व पावडर. लोकाईले दाखवाले."

मॅडमनी चमचाभर दिली. भावाने मागितली, बहिणीने दिली.

दिलीपभाऊंनी ती मलमलीच्या फडक्यात बांधून भट्टीच्या कोपऱ्यावरच्या बांबूला लटकवली. तिथे आधीपासून लिंबू-मिरची होतीच, तिच्या शेजारी. आणि पुढच्या हंगामाला मजूर आले तेव्हा मुकादमाला सांगितलं, झोपड्या आता बोअरजवळ टाका. आधी त्या पश्चिमेला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला असत. मॅडमच्या वडिलांपासून ती पद्धत होती. पण बोअर पूर्वेला, बायांना पाणी दुरून आणावं लागे. "आता धुराचं टेन्शन नाही," दिलीपभाऊ म्हणाले, "माह्या बहिणीची पावडर हाय." बाया खूश झाल्या. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मॅडमना हे माहीत नव्हतं. त्या हंगामात त्या पूजेला येऊन गेल्या तेव्हा झोपड्या उभ्या व्हायच्या होत्या, आणि नंतर परीक्षा, पेपर, त्यातच उन्हाळा आला.

एप्रिलमध्ये प्रांजलीने तोच प्रयोग सरावासाठी पुन्हा केला. पावडर तीच, तराजू तोच. नळीत मीठ मात्र तिने नवं भरलं होतं. पावडरीचं वजन जेमतेम हललं. ती पोरगी घाबरत घाबरत आमच्या खोलीत आली. "मॅडम, पावडर उन्हाळ्यात उपाशी राह्यते का?"

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या आणि कोपऱ्यात ठेवलेली जुनी वाळवणनळी त्यांनी उघडली. आतलं मीठ ओलं होऊन ढेकूळ झालं होतं, कधीपासून ते देव जाणे. पावसाळ्याची दमट हवा, पाण्यातून धुतलेला वायू आणि न वाळवणारी नळी. पावडरीने धरलं होतं ते बरंचसं पाणी होतं. आम्ही त्याला वायू समजून पेढे वाटले होते.

मॅडमना त्या दिवशी मी पहिल्यांदा स्टुलावर बसलेलं पाहिलं. "थे ढेकूळ मी रोज पाहत होती, काळेभाऊ," त्या म्हणाल्या. "डोयानं पाहत होती." मग प्रांजलीला जवळ बोलावलं. ती रडायच्या बेतात होती. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काहून रडतं? इतक्या वर्षांपासून मी म्हणून राह्यली, चुकलं त् सांगा. तू पयली."

मी व्यवहारी माणूस. मी म्हणालो, पुढच्या लेखात बरोबर आकडा देऊ, जुना आपोआप मागे पडेल. मॅडमनी मान हलवली. "लेखाचं लेखात होईन. मी जे तोंडानं सांगितलं, थे तोंडानंच परत घेईन. तुमची यादी द्या."

कार्यक्रमांची जुनी यादी त्यांनी माझ्याकडून घेतली आणि त्याच ठिकाणी पुन्हा निघाल्या. सोबत मी.

मंगरूळपीरच्या सभागृहात त्या वेळी एक हळदी-कुंकू चाललं होतं. मॅडमनी तिथल्या व्यवस्थापकांना गाठून त्यांच्या एकट्यासमोर चूक सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कार्यक्रमाले मी बाहेर जनरेटर पाहत होतो." तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मालेगावच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचणारे तीन जण होते, त्यातल्या एकाने विचारलं, "मंग आता खरं काय ठरलं?" मॅडम म्हणाल्या, "थोडंसं धरते. लय थोडं. पण धरते." तो म्हणाला, "मंग ठीक हाय ना," आणि पान उलटलं.

कारंज्याच्या शाळेत मुख्याध्यापक सर म्हणाले, "कोणाले आठवते आता? कायले त्रास घेता?" मॅडम ऐकेनात. सुट्ट्या लागायच्या आधीची शेवटची प्रार्थना होती, मुलं रांगेत उभी होती. मॅडमनी आधी वारा पाहिला, धूळ मुलांच्या तोंडावर येत होती म्हणून अख्खी रांग फिरवून उभी केली, आणि मग सांगितलं की मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगून गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं भाषण संपलं. एका मुलीने मात्र हात वर केला. तिने मागच्या वेळी तो आकडा वहीत लिहून घेतला होता.

"खोडू का मॅडम?"

"खोडू नको व माय. एक बारीक रेघ मार अन् बाजूले बरोबर लिव. खोडून टाकलं त् आपण काय चुकलो थे दिसत नाही."

मला हे सगळं थोडं जास्तच वाटत होतं, हेही सांगून ठेवतो. तीन ठिकाणं झाली होती, कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं. राहिली होती फक्त भट्टी, आणि ती तर घरचीच.

मेच्या शेवटी आम्ही भट्टीवर गेलो. फाट्यावर उतरलो, मॅडमनी सवयीने चिमूटभर माती उचलून हवेत सोडली. माती पूर्वेकडे गेली. त्यांची नजर तिच्यामागे गेली आणि झोपड्यांवर थांबली. भट्टी पेटलेली होती. धूर जमिनीलगत सरपटत त्या झोपड्यांमध्ये शिरत होता. दारात एक बाई लेकराला पदराने वारा घालत बसली होती.

मॅडमनी विचारलं, "या इकडे कोणी आणल्या?"

दिलीपभाऊ हौसेने पुढे आले. "तुह्याच भरवशावर, ताई! थे पाय," आणि बांबूवरची पुरचुंडी दाखवली. धुराने ती काळी झाली होती.

मी त्या वेळी मॅडमकडे पाहिलं नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकला. त्या भावाला सावकाश समजावत होत्या, पहिल्या वर्षाच्या पोराला समजवावं तसं. की ही पावडर धूर धरत नाही, एक वायू धरते. तोही थंड असला तर. गरम झाली की धरलेलं सारं सोडून देते. आणि मी जेवढं म्हटलं होतं तेवढं तर थंडीतही धरत नाही. मी चुकली, दिलीप.

दिलीपभाऊ हसले. "एवढंसं कायले मनाले लावतं व? आपण या धुरात मोठे झालो. मेलो का?"

"बाबा खोकून खोकून गेले," मॅडम म्हणाल्या. "अन् आपुन वाऱ्याच्या वरच्या अंगाले राहत होतो, थे बाबाले समजत होतं म्हणून. त्याईनं अडाणी असून आपल्याले इकडे नाही ठेवलं. मी शिकून या लेकराईले ठेवलं."

दिलीपभाऊंचं हसू गेलं. त्यांनी बांबूची पुरचुंडी सोडून खिशात टाकली. लिंबू-मिरची राहू दिली.

मॅडम मग झोपड्यांकडे गेल्या. दारातल्या बाईचं नाव कांता. मॅडमनी तिच्यासमोर उकिडवं बसून तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हणाल्या, झोपड्या जुन्या जागी न्यायच्या. कांताने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी चांगल्यासाठीच सांगता. पण तिकडं गेलं का पानी लांब. दिवसभर इटा थापाच्या, अन् मंग हंडे आनाचे. धूर त् आमाले कुठीबी हाय. पानी इकडंच हाय."

मॅडमनी बोअरकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे, जुन्या जागेकडे. उठल्या तेव्हा साडी मातीने भरली होती आणि चेहरा बदललेला होता. प्रयोगाची मांडणी सुचली की तो असा व्हायचा.

"काळेभाऊ, मोजपट्टी हाय का?"

माझ्या पिशवीत मोजपट्टी असतेच.

"झोपड्या बोअरपाशी आल्या, कारण पाणी इथं हाय. मंग पाणीच तिकडं नेऊ. जमिनीतून पाइप टाकू, तिकडं एक तोटी. तोटी असली का सांगावं लागत नाही, बाया आपल्या पायानं जातीन." त्यांनी भावाकडे पाहिलं. दिलीपभाऊंनी मान डोलावली. "पुढच्या हंगामाच्या आत करू, ताई. पाऊस उघडू दे."

ती संध्याकाळ मला त्यांची शेवटची आठवण म्हणून राहिली आहे. नंतर मी त्यांना कॉलेजात पाहिलं, अकोल्याच्या दवाखान्यातही पाहिलं, पण मॅडम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हेच. मी बोअरपाशी मोजपट्टीचं एक टोक धरून उभा. मॅडम दुसरं टोक घेऊन पश्चिमेकडे चाललेल्या, पदर खोचलेला, चपला हातात, कारण विटांच्या चुऱ्यात त्या सारख्या निसटत होत्या. पट्टी संपली की त्या काडीने खूण करत, मला हात करत, मी पुढे जाई आणि त्या आणखी पुढे. मधे धुराचा लोट आला की दिसेनाशा होत, फक्त आवाज यायचा, "हाव ना काळेभाऊ?" मी म्हणायचो, हाव, इथेच आहे. धुरापलीकडे जुन्या जागी पोचल्यावर त्यांनी तिथली माती उचलून सोडली. आमच्याकडे वळून जोरात ओरडल्या, "इथं मस्त हवा हाय!" आणि कोणी न सांगता, निवांत खाली बसल्या.

पाऊस सुरू झाला. जुलैत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, पाइप आणली का. मी म्हणालो, आणतो.

पाइप मी आणली, त्या गेल्यानंतर. काळ्या पाइपचं मोठं वेटोळं आमच्या विभागाच्या व्हरांड्यात पडून आहे. आधी जमीन ओली होती, म्हणून चर खणता आला नाही. मग कॉलेजची तपासणी आली. मग दिवाळी. दिलीपभाऊंना फोन केला की ते म्हणतात, "सर, तुमी या, मंग लावू." मी म्हणतो, येतो. आज आलो तर पाइप न आणता आलो, कारण पूजेच्या दिवशी खणत नाहीत असं मला वाटलं. दिलीपभाऊ म्हणाले, असं काही नसते.

निघताना कांता भेटली. यंदाही तीच कुटुंबं आली आहेत. नवऱ्याने बांबू धरला होता आणि ती बोअरजवळच्या जागेवरचे खडे वेचत होती. तिने मला ओळखलं. "थ्या बाई नाही आल्या?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हातातले खडे खाली ठेवले. मग म्हणाली, "त्याईनं तिकडं तोटी लावतो म्हटलं होतं. आमी आल्यावर दोन दिवस थांबलो होतो, झोपडी कुठं टाकाव म्हणून."

वीटथापणीला आता सुरुवात होईल. कच्च्या विटा वाळायला आणि रचायला जे दिवस लागतील तेवढे हातात आहेत. त्यानंतर भट्टी पेटेल. लागणारं सामान: चर खणायला दोन माणसं, जोडणीचे तुकडे, एक तोटी, टेम्पो. सगळं लिहून ठेवलं आहे. टेम्पोवाल्याला फोन करायचा राहिला आहे.